उडू न शकणारी घार घरी ठेवावी का?

अंजनवेल

मंडळी, आमच्या घरात सध्या एका प्रश्नावरून दोन तट पडलेत, म्हणून इथे विचारते.

माझी आत्या येवल्याला राहते. येवल्याची संक्रांत कशी असते ते नाशिककडच्यांना वेगळं सांगायला नको. ह्या संक्रांतीत तिच्या गच्चीवर नायलॉन मांजात गुरफटलेली घार येऊन पडली. गावातल्या डॉक्टरांनी मांजा कापून काढला, टाके घातले, पण डावा पंख काळा पडत गेला आणि शेवटी तो कोपराच्या वरून काढावा लागला. घार वाचली. आता ती गच्चीवरच्या खोलीत असते, चिकन खाते, आत्याची चाहूल लागली की ओरडते. ही पुन्हा उडणार नाही असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले.

परवा शेजारच्यांनी सांगितलं की हे बेकायदा आहे, आम्ही तक्रार करू. आत्या भयंकर दुखावली गेलीय. तिचं म्हणणं, "रस्त्यात मेली असती तर कुणी विचारायला आलं नसतं. जगवली तर मी गुन्हेगार?" माझा भाऊ म्हणतो, वनखात्याच्या ताब्यात द्या. बाबा म्हणतात, खातं नेऊन कुठल्यातरी पिंजऱ्यात टाकेल आणि ती तिथे झुरून मरेल.

मला स्वतःला वाटतं की ज्या पाखराला परत सोडताच येणार नाही, ते निदान माया करणाऱ्या माणसाकडे असावं. जंगलातून कोणी चोरून आणलेलं नाही हे. तुम्हाला काय वाटतं? आणि कायदा नेमका काय आहे?

सातमाळा

आत्यांना माझा नमस्कार सांगा. जखमी घारीजवळ जायला हिंमत लागते, तिच्या नख्या काय करू शकतात ते मी पाहिलंय. बाकी वाचतोय.

काळाकोट

अंजनवेल, आत्यांच्या हेतूबद्दल कुणालाच शंका नसावी. पण तुम्ही कायदा विचारलात म्हणून तो सांगतो.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या कलम ३९ प्रमाणे बेकायदा पकडलेला किंवा पाळलेला, तसंच मृतावस्थेत सापडलेला वन्यप्राणी ही सरकारची मालमत्ता ठरते. अशी मालमत्ता कोणत्याही मार्गाने तुमच्या ताब्यात आली तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत वनाधिकाऱ्याला कळवायचं आणि त्यांनी मागितली तर द्यायची. मुख्य वन्यजीव रक्षकांच्या किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय ती जवळ ठेवता येत नाही. 'उपचारासाठी उचलला, बरा झाला, पण सोडता येईना म्हणून ठेवला' ह्या परिस्थितीसाठी कायद्यात वेगळी मोकळीक नाही. त्यातच 'शिकार' ह्या शब्दाच्या व्याख्येत नुसतं पकडणंही येतं.

२०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. आधी सहा अनुसूच्या (कायद्याला जोडलेल्या याद्या) होत्या, आता चार आहेत. उपद्रवी प्राण्यांची जी जुनी अनुसूची ५ होती ती गेली, त्यामुळे साधा कावळासुद्धा आता संरक्षित आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. इतरांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. स्वतःहून कळवणाऱ्या माणसाला कोर्टात खेचल्याचं माझ्या पाहण्यात नाही. ४८ तास उलटून गेले म्हणून आता लपवत बसणं मात्र सर्वांत वाईट. डॉक्टरांचे कागद घ्या, घार कधी आणि कशी मिळाली ते एका अर्जात लिहा आणि येवल्याच्या वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात द्या. पोहोच घ्यायला विसरू नका.

पायवाट

आमच्याकडे आठवडी बाजारात राघू पिंजऱ्यात कोंबून उघड विकतात. घराघरांत टांगलेले असतात. त्यांना कोणी हात लावत नाही आणि एका म्हातारीने जीव वाचवला तर कलम ३९! नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातली, तरी दर संक्रांतीला तो मिळतोच. पंख ज्याने कापला तो मोकळा, आणि जिने टाके घालून घेतले तिला नोटीस. हा कुठला न्याय?

काळाकोट

पायवाट, तुमचा संताप रास्त आहे. राघू दुसऱ्या अनुसूचीत आहे, तो विकणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा आहे, आणि ह्यावर कारवाई फार थोडी होते हेही खरं.

पण 'मी वाचवला' ही सबब मोकळी सोडली तर काय होईल बघा. पोपट विकणारा प्रत्येक जण म्हणेल की पिल्लू घरट्यातून पडलं होतं. कासवं विकणारा म्हणेल की रस्ता ओलांडताना मिळालं. आत्या आणि तो विक्रेता ह्यांच्यातला फरक कागदावर एकाच गोष्टीने दिसतो: कोणी स्वतःहून कळवलं आणि कोणी नाही.

टिटवी

मी पशुवैद्यक आहे, पक्ष्यांवर काम करते. अंजनवेलताई, कायद्याचं काळाकोट ह्यांनी सांगितलंच. मला घारीची काळजी वाटतेय. चार गोष्टी सांगाल का?

ती कशावर बसते? चिकन कसलं देता, नुसतं मांस की हाडांसकट? खोलीला जाळी कसली आहे? आणि तिचे तळपाय कुणी उलटे करून पाहिलेत का?

खारूताई

घारीचं नाव काय ठेवलंय? आमच्या आईने एकदा का नाव ठेवलं की तो प्राणी रेशनकार्डावर चढलाच म्हणून समजायचं :)

अंजनवेल

खारूताई, नाव 'रंभा' आहे. म्हणजे चढलीच :)

टिटवी, आत्याला फोन करून विचारलं. ती खोलीतल्या लोखंडी पाइपवर किंवा जमिनीवर बसते. चिकन बोनलेस, धुऊन, बारीक तुकडे करून. जाळी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती. तळपाय आत्याने आज बघितले. मधल्या गादीवर गुलाबी, गुळगुळीत सूज आहे आणि एका पायाला मसुराएवढी काळी खपली.

टिटवी

हीच भीती होती. सविस्तर लिहिते, कारण असं घर मी अनेकदा पाहिलंय आणि सगळीकडे माणसं चांगलीच असतात.

घारीचे पाय सतत उभं राहण्यासाठी नसतात. ती दिवसाचा मोठा भाग हवेत असते. पंख गेला की सगळं वजन चोवीस तास तळपायांवर. त्यात गुळगुळीत, एकाच जाडीचा पाइप, म्हणजे दाब रोज त्याच जागी. आधी त्वचेवरचे बारीक खवले झिजतात, जागा गुलाबी आणि चकचकीत होते, मग खपली, मग आत पू आणि शेवटी हाडापर्यंत संसर्ग. शिकारी पक्ष्यांच्या डॉक्टरांना हा आजार रोजच्या ओळखीचा. खपली दिसते म्हणजे सुरुवात होऊन गेलीय. आजच्या आज पाइप काढा. कमी-जास्त जाडीच्या, साल असलेल्या फांद्या लावा, त्यातल्या काहींवर काथ्याचा दोर गुंडाळा. उंची गुडघ्याएवढीच ठेवा. एका पंखाने तोल जातो आणि उंचावरून पडली की छातीचं हाड फुटतं.

बोनलेस चिकनवर शिकारी पक्षी जगत नाही. नुसत्या मांसात कॅल्शियम जवळपास नसतंच, फॉस्फरस भरपूर. शरीर मग स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढायला लागतं. निसर्गात ती उंदीर, सरडा अख्खा खाते, हाडं-केसांसकट, आणि न पचलेल्याचा गोळा ओकून टाकते. तो गोळा पडणं हेही तिच्या तब्येतीचं लक्षण असतं.

जाळीवर ती आपटत असणार. शेपटीची पिसं मधूनच तुटलेली असतील, बघा. एकच पंख राहिलेल्या पक्ष्याला तोल सांभाळायला शेपटीचाच आधार असतो.

आणि आत्याला बघून ती ओरडते, त्याबद्दल. तिथे भूक आहे, सवयही आहे. पण चोच उघडी ठेवून, पिसं अंगाला चिकटवून, मागे सरकत ओरडत असेल तर ती भीती आहे. जंगली पक्षी भीती दाखवतो ती अशीच, आणि आपण तिला ओळख समजतो. मोठ्या वयात पकडलेली घार माणसाची होत नाही.

पश्चिमवारा

मी न्यू जर्सीत राहतो, सुट्टीच्या दिवशी एका शिकारी पक्ष्यांच्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून जातो. इथला नियम सांगतो, पटेल असं नाही.

अमेरिकेत स्थलांतरी पक्ष्यांची शुश्रूषा करायला केंद्रीय परवाना लागतो आणि जखमी पक्षी १८० दिवसांपेक्षा जास्त ठेवायचा तर वेगळी मंजुरी. नियमात पुढे असंही लिहिलंय की पाय, पाऊल किंवा कोपराशी वा त्याच्या वर पंख कापावा लागेल अशी जखम असेल तर शस्त्रक्रिया करूच नका, पक्ष्याला वेदनारहित मरण द्या. म्हणजे तुमची रंभा इथे असती तर तिचं ऑपरेशन झालंच नसतं.

सुरुवातीला हे वाचून मला झोप आली नव्हती. पण आमच्याकडे जे कायमचे पक्षी आहेत, अर्धा पंख गमावलेला ससाणा, एक डोळा गेलेलं घुबड, त्यांचं रोजचं काम बघितल्यावर नियमामागचं कारण कळलं. रोज सकाळी प्रत्येकाचं वजन. बसण्याच्या दांड्यांवर कृत्रिम गवताची चटई, ती ठराविक दिवसांनी बदलायची. चोच आणि नख्या घासून आकारात ठेवायच्या, कारण शिकार नाही तर त्या झिजत नाहीत. अख्खे उंदीर गोठवून ठेवलेले. एवढं करूनही काही पक्षी माणसाच्या सहवासाशी जुळवून घेत नाहीत, पिंजऱ्यात अंग आपटत राहतात. तसे पक्षी ठेवत नाहीत.

वडाची_पारंबी

पश्चिमवारा, माफ करा, पण हे वाचून अंगावर काटा आला. पंख नाही म्हणून मारून टाकायचं? उद्या माणसांच्या बाबतीत हाच हिशोब लावणार का?

माझं वय बहात्तर आहे. आमच्या वाड्यात एका पायाची मैना होती, तिने अंगणात बागडत आयुष्य काढलं. आणि आपल्याच महाराष्ट्रात हेमलकसा आहे ना? बाबा आमट्यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. शिकार करून परतणाऱ्या आदिवासींच्या हातात मेलेली माकडीण आणि तिला बिलगलेलं जिवंत पिल्लू प्रकाश आमट्यांनी पाहिलं, ते पिल्लू मागून घेतलं, तिथून त्यांचं प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. बिबटे, अस्वलं, तरस, सगळे अंगणात वाढले. त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडून बघितलं असतं तर त्या पिल्लाचं काय झालं असतं? मायेला परवाना लागतो हे मला पटत नाही.

खारूताई

पारंबीकाकू, +१. एकूण एक वाक्याला.

निशाचर

काकू, हेमलकशाबद्दल आदर आहेच. पण ते उदाहरण आत्यांच्या बाजूने पुरतं लागू होत नाही. ते अनाथालय पुढे केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाच्या मान्यतेखाली आलं. म्हणजे खुद्द आमट्यांनीही परवान्याची वाट धरली. शिवाय तिथे पिल्लं सोडवण्यामागे दुसराही हेतू होता. शिकारीतून उरलेली पिल्लं आणून द्या, बदल्यात धान्य-कपडे घ्या, असं करत करत गावांचा शिकारीकडे बघण्याचा विचार बदलला. एका गच्चीवरच्या घारीने येवल्यात नायलॉन मांजा विकायचा थांबणार नाही.

वडाची_पारंबी

कसा थांबणार नाही? त्या गल्लीतली पोरं रोज ती घार बघतात. पुढच्या वर्षी त्यांच्या हातात नायलॉन मांजा येईल असं वाटतं का तुम्हाला? प्राणीसंग्रहालयात शंभर फलक लावून जे होत नाही ते तिथे होतंय.

सातमाळा

काकूंचा हा मुद्दा मला बिनतोड वाटला.

टिटवी

मुलांवर परिणाम होतो हे खरंच. पण मुलं काय शिकतात तेही पाहावं लागेल. जखमी पक्षी दिसला की घरी न्यायचा, हे शिकली तर? दर उन्हाळ्यात आमच्याकडे खोक्यांतून पिल्लं येतात, त्यांतली कित्येक धडधाकट असतात. नुकती घरट्याबाहेर पडलेली, पिसं फुटलेली, उडायला शिकणारी. आईबाप जवळच्या झाडावर बसून खायला घालत असतात आणि माणूस 'अनाथ' म्हणून उचलून आणतो. घुबडाची पिल्लं तर हमखास. माणसाच्या हातून वाढलेलं पिल्लू स्वतःला कुणाचं समजतं ह्याचाच गोंधळ होतो, मग ते सोडता न येणाऱ्यांत जमा होतं. म्हणजे जो प्राणी न सोडण्याजोगा नव्हता, तो मायेने तसा झाला.

ऊसपट्टा

टिटवींच्या मुद्द्याला जोडून. मी जुन्नर भागातला. आमच्याकडे ऊसतोडणीत बिबट्याचे बछडे सापडतात. पूर्वी लोक घाबरून किंवा कौतुकाने घरी आणायचे, मग ते माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात जायचे आणि तिथेच आयुष्य काढायचे. आता वनखातं आणि केंद्राचे डॉक्टर बछडे तपासतात आणि त्याच संध्याकाळी त्याच रानात, त्याच जागी खोक्यात ठेवतात. कॅमेरे लावतात. मादी येते, खोकं उलटं करते, तोंडात धरून एकेक नेते. मी ते चित्रण पाहिलंय. आमच्या फडातले मजूरही आता बछड्याला हात न लावता आधी फोन करतात.

माणिकडोहला कायमचे बिबटेही आहेत. पिंजऱ्यात दात मोडलेले, सापळ्यात पाय गेलेले, फार लहानपणी आईपासून तुटलेले. ते बघून आनंद होत नाही. पण तिथे डॉक्टर आहे, खाणं आहे, आणि उद्या कुणी नोकरी सोडली तरी दुसरा माणूस येतो. आत्यांनंतर घारीचं कोण बघणार? घार वीस-वीस वर्षं जगते असं ऐकलंय.

अंजनवेल

ऊसपट्टा, हा प्रश्न मी आत्याला विचारायला धजले नव्हते. ती सदुसष्ट वर्षांची आहे, एकटी राहते.

पायवाट

विषय निघालाच आहे तर अमेठीच्या त्या सारसाचं आठवतंय ना? एका तरुणाने पाय जखमी झालेला सारस शेतात जाऊन वाचवला. बरा झाल्यावर तो पक्षी मोकळाच होता, कुठेही जायचा आणि परत यायचा, गाडीच्या मागे उडत यायचा. मार्च २०२३ मध्ये वनखात्याने नेला, आधी अभयारण्यात, मग कानपूरच्या प्राणीसंग्रहालयात. त्या तरुणावर गुन्हा दाखल. मोकळा उडणारा पक्षी पिंजऱ्यात गेला, हे पक्ष्याच्या हिताचं झालं? टिटवी, तुम्ही सांगा.

टिटवी

नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सरळ उत्तर देते. उडू शकणाऱ्या सारसाला पिंजरा हा उपाय असू शकत नाही. माणसापासून तोडायचं होतं तर ते हळूहळू, त्याच परिसरातल्या पाणथळीत करता आलं असतं. तसंच त्या पक्ष्याला माणसाच्या ताटातलं खायची सवय लागली होती आणि जोडीदार मिळायच्या वयात तो गाडीमागे धावत होता, हेही विसरून चालणार नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

कोल्हापुरी_बाणा

आणि आमच्या नांदणीच्या महादेवी हत्तिणीचं काय? ३०-३५ वर्षं मठात होती, २०२५ मध्ये कोर्टाच्या हुकमाने गुजरातला नेली, अख्खा जिल्हा रस्त्यावर उतरला. लोकांच्या भावनांना काहीच किंमत नाही का?

काळाकोट

बाणा, तो धागा स्वतंत्र काढा, तिथे भांडू :) थोडक्यात फरक एवढाच की पाळीव हत्तीला मालकीचं प्रमाणपत्र असतं, त्यावरचे वाद तब्येत, ताबा आणि वाहतुकीचे असतात. घारीसाठी असं प्रमाणपत्र नसतं.

पाणकासव

डहाणूहून लिहितोय. आमच्याकडे पावसाळ्यात समुद्री कासवं वाहून येतात, भुताच्या जाळ्यांत, म्हणजे समुद्रात टाकून दिलेल्या जाळ्यांत अडकलेली. वल्ह्यासारखे पुढचे पाय दोराने कापले गेलेले असतात. डहाणूला वनखात्याच्या जागेत कासवांसाठी उपचार केंद्र आहे, तिथे मी मदतीला जातो. एक पाय गेलेलं ऑलिव्ह रिडले पोहू शकतं, सोडता येतं. दोन गेले की कठीण. अशांना टाकीत ठेवावं लागतं आणि त्यांच्यासाठी रोज पाणी उपसणं, मासे चिरणं, कवचावर वाढलेलं शेवाळ घासणं, हे सगळं कोणीतरी करत राहतं. टाकीच्या भिंतीला नाक घासून घासून तिथली कातडी पांढरी पडते, ते बघवत नाही.

पण मला सर्वांत जास्त राग येतो घरच्या फिशटँकमधल्या कासवांचा. वास्तूला चांगलं म्हणून ठेवतात. तारा कासव तर आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत २०१९ मध्ये गेलं, तरी ते 'पैसा येतो' म्हणून विकलं जातं. पकडले गेले की म्हणतात, जखमी मिळालं होतं हो. काळाकोट म्हणाले ते शंभर टक्के.

आफ्रिकन_ग्रे

माझ्याकडे परदेशी पोपट आहे, तो चालतो का? अवांतराबद्दल क्षमस्व.

काळाकोट

चालतो, पण चौथ्या अनुसूचीतला असेल तर नोंदणी हवी. २०२४ च्या नियमांप्रमाणे पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर ती करायची. बाकी वेगळ्या धाग्यात.

घुबडघर

वनखात्याला द्या असं सगळे सहज म्हणताहेत, म्हणून माझा अनुभव. पायाला इजा झालेलं गव्हाणी घुबड मी रीतसर कळवून दिलं. खात्याने एका केंद्रात पाठवलं. केंद्राचं नाव लिहीत नाही. मी विचारत राहिले, ते कसं आहे? आधी 'बरं आहे', मग 'डॉक्टर रजेवर आहेत', मग फोन उचलणं बंद. शेवटी एका कर्मचाऱ्याने हळूच सांगितलं की ते केव्हाच गेलं. मला राग ते गेल्याचा नाही. न सांगितल्याचा आहे. जो माणूस विश्वासाने जीव हातात देतो त्याला साधा एक निरोप देता येत नाही? अशानेच लोक लपवून ठेवतात. अंजनवेल, तुमचे बाबा जे म्हणतात ते उगीच नाही.

रानवाट

घुबडघर, तुमची तक्रार रास्त आहे. मी वनखात्यात क्षेत्रीय काम करतो, म्हणून जमिनीवरची परिस्थिती लिहितो. एका वनरक्षकाकडे कित्येक गावं. जखमी मोराचा फोन आला की मोटारसायकलवर पोतं आणि खोकं घेऊन निघायचं. तालुक्याला पक्ष्यांवर हात बसलेला डॉक्टर नसतोच बहुतेक. नागपूरला, पुण्याला उपचार केंद्रं चांगली आहेत, पण येवल्याहून पुणं म्हणजे चार-पाच तासांचा प्रवास आणि घाबरलेला पक्षी त्यात निम्मा संपतो. काळवीट, चितळ तर नुसत्या पकडण्याच्या धसक्याने स्नायू निकामी होऊन मरतात. ही उणीव सरकारची आहे आणि ती मान्य केली पाहिजे. प्रत्येक तालुक्याच्या हाताशी एक उपचार केंद्र असतं तर आत्यांना घार महिनोन्‌महिने गच्चीवर ठेवावीच लागली नसती.

तरीही कळवा. १९२६ हा खात्याचा टोल फ्री क्रमांक, चोवीस तास. नाशिकमध्ये मानद वन्यजीव रक्षक आहेत, पक्ष्यांवर काम करणाऱ्या संस्था आहेत. देताना एक करा: ताबा दिल्याच्या पंचनाम्याची प्रत मागा. प्रत हातात असली की पुढे लेखी विचारणा करता येते, माहितीच्या अधिकारातही.

पश्चिमवारा

रानवाट, एक विचारतो. तुमच्याकडे ज्याला काहीच उपाय नाही अशा प्राण्याला शांत मरण द्यायची तरतूद आहे का?

रानवाट

आहे. कलम ११. बरा होण्यापलीकडे अपंग किंवा आजारी प्राण्यासाठी लेखी आदेश निघू शकतो. पण तो निर्णय खात्याचा, पशुवैद्यकाच्या मतावर. घरच्यांचा किंवा खासगी दवाखान्याचा नाही. खरं सांगायचं तर सही करायला हात उचलत नाही. मी पाठीचा कणा मोडलेल्या कोल्ह्याशेजारी रात्रभर बसलोय, आदेशाची वाट बघत. सकाळपर्यंत तो ओरडत होता. त्या रात्री पश्चिमवारांसारखा नियम आपल्याकडे असावा असं वाटलं होतं.

वडाची_पारंबी

रानवाट, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प झाले होते. कोल्ह्याचं समजू शकते, वेदना थांबत नसतील तर सोडवणं हीही मायाच. पण घारीला आता वेदना नाहीत ना? मग तिला मारायचं कारण काय? टिटवी, प्रामाणिकपणे सांगा.

टिटवी

काकू, मी तिला बघितल्याशिवाय सांगणार नाही. एका पंखाची घार चांगल्या जागी जगू शकते. केंद्रांत अशा पक्ष्यांचा फार मोठा उपयोगही होतो: अनाथ पिल्लं त्यांच्याकडे वाढवायला देतात, म्हणजे पिल्लांना माणसाचा लळा न लागता स्वतःच्या जातीची ओळख होते. रंभा शांत स्वभावाची असेल, पाय बरे झाले, दुसऱ्या घारींच्या सोबतीत राहिली तर तिला आयुष्य आहे. पायांचा संसर्ग हाडात गेला असेल तर नाही. हे ठरवायला तिचा एक्स-रे काढावा लागेल, आणि तो मी किंवा कोणीही कायदेशीरपणे काढायचा तर ती आधी खात्याच्या नोंदीत यायला हवी. आत्यांच्या मायेचं आज सर्वांत जरुरीचं काम हेच आहे.

अंजनवेल

सगळ्यांचे आभार. काल शनिवार-रविवारची येवल्याला आले आणि हा धागा आत्याला अख्खा वाचून दाखवला. पारंबीकाकूंचे प्रतिसाद तिने दोनदा वाचायला लावले. रानवाट ह्यांचा कोल्ह्याचा प्रसंग ऐकून उठून आत गेली.

मग गच्चीवर जाऊन आम्ही दोघींनी रंभाची शेपटी पाहिली. टिटवींनी लिहिलं होतं तशीच, मधून तुटलेली पिसं, दोनच शाबूत. आत्या म्हणाली, "हिला माझ्याकडे त्रास होत असेल तर मला ठेवायची नाही. पण देताना मी बरोबर जाणार, आणि हिचं काय झालं ते मला कळलं पाहिजे." आज १९२६ वर फोन केला. उद्या वनरक्षक येणार आहेत. डॉक्टरांचे कागद काढून ठेवलेत, काळाकोट ह्यांनी सांगितला तसा अर्ज लिहिलाय. शेजाऱ्यांनाही बोलावलंय, साक्षीदार म्हणून सही करायला.

माझं मूळ मत विचाराल तर अर्धं बदललंय. माया करणाऱ्याकडे असावं, हे अजूनही वाटतं. पण माया करणाऱ्याला हाडांचं, पायांचं, पिसांचं कळत असावं आणि त्याच्यामागे दुसरं कोणी असावं, हेही हवं. उद्या नेताना आम्ही काय काळजी घ्यावी?

टिटवी

पुठ्ठ्याचं मोठं खोकं घ्या, तारेचा पिंजरा अजिबात नको. बाजूंना हवेसाठी भोकं पाडा, तिच्या डोळ्यांच्या उंचीच्या खाली. तळाशी जुनी सतरंजी किंवा गोणपाट, कागद नको, घसरते. निघायच्या आधी तीन-चार तास खायला देऊ नका. खोक्यात ठेवताना अंगावर जाड टॉवेल टाका, डोकं झाकलं की शांत होते. आधी पाय धरायचे, चोचीपेक्षा नख्यांची भीती जास्त. गाडीत गाणी लावू नका, आत्यांना शेजारी बसू द्या पण खोकं उघडून बघू देऊ नका.

कागदांत शस्त्रक्रियेची तारीख, दिलेली औषधं आणि किती दिवस दिली ते, रोजचा आहार आणि पायाची खपली पहिल्यांदा कधी दिसली, एवढं लिहून द्या. पुढच्या डॉक्टरला त्याची फार मदत होते. एक्स-रेचा रिपोर्ट आला की मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, मी बघते.

घुबडघर

आणि पंचनाम्याची प्रत! फोटो काढून ठेवा. दर आठवड्याला विचारा, लाजू नका. उत्तर आलं नाही तर इथे लिहा, आपण सगळे मिळून पत्र पाठवू.

रानवाट

अंजनवेल, नाशिक विभागात माझे सहकारी आहेत. वनरक्षक आले की परिमंडळाचं नाव मला कळवा, घार कुठे नेली ते मी विचारून सांगतो.